आठ फुटांचा बाक आणि माझ्या चपला

लिफ्टमध्ये मावणार नाही अशी वस्तू घेऊ नये, हा साधा फंडा मला जोगेश्वरीच्या ओशिवरा मार्केटमध्ये आठवला नाही. जुन्या फर्निचरच्या त्या गल्ल्यांमध्ये तसंही डोकं ठिकाणावर राहत नाही. आठ फुटांचा सागवानी बाक. पाठीमागे प्रार्थनेची पुस्तकं ठेवायला अरुंद कप्पा, त्याखाली गुडघे टेकायची फळी. "चर्च का माल है, मॅडम," दुकानदार म्हणाला आणि मी विकली गेले! होम डेकोरवर लेख लिहून लिहून हा रोग जडतो.

तो जिन्याने चार मजले चढवला. मग मिस्त्रींनी आधी अर्धा दिवस नुसते खिळे उपटले. जुन्या लाकडात एखादा खिळा आत राहिला, की रंध्याचं पातं गेलंच म्हणून समजा. प्लॅन असा होता : साडेचार फुटांचा बाक डायनिंगला, उरलेल्या बैठकीच्या आणि पाठीच्या फळ्या जोडून लॅपटॉपचं टेबल. आणि गुडघे टेकायची फळी? दाराशी चपलांचा स्टँड. आयडिया मिस्त्रींची, पण "सुपर्ब!" मीच म्हणाले.

बाय द वे, युरोपातल्या चर्चमध्येही बाक सरसकट आले ते 16व्या शतकातल्या रिफॉर्मेशननंतर. प्रवचनं लांबली, म्हणून बसायची सोय. त्याआधी बहुतेक मंडळी उभीच असायची. सोय म्हणजे किती, तर पाठ अशी ताठ की पेंगायची हिंमत होऊ नये. डेडलाइनवाल्यांना बेस्ट.

संध्याकाळी घरमालकीण आंटी डोकावल्या. मालाडच्या ऑर्लेममध्ये वाढलेल्या, ईस्ट इंडियन. भुश्यात पडलेली फळी त्यांनी उचलली, पदराने पुसली. पॉलिश उडालेल्या दोन गोल जागांवर बोट फिरवत म्हणाल्या, "ही बसणाऱ्याची नसते, बाय. मागच्याची असते. माझ्या मम्मीची जागा शेवटून दुसऱ्या रांगेत. पप्पा गेले त्या वर्षी ती गुडघ्यांवरून उठायचीच नाही. मी मागे बसून तिचे तळवे बघत राहायचे." मग सहज विचारलं, "याचं काय करतेस?"

चपलांचा स्टँड, हे शब्द तोंडातून निघेनात. मिस्त्री पॉलिश पेपर घासायचे थांबून माझ्याकडे बघत होते.

"ठरवलं नाहीये अजून, आंटी," मी चक्क खोटं बोलले.

ती फळी आता टेबलाच्या वर, भिंतीवर आहे. तिला पॉलिश पेपर लावू दिला नाही, त्यामुळे बाकी फर्निचरशी तिचा रंग अजिबात मॅच होत नाही. डेकोरच्या पानावर मी हे कधीच पास केलं नसतं. चपला अजून खोक्यात.

आंटी भाडं घ्यायला येतात, तेव्हा सोफा सोडून बाकावर बसतात. परवा म्हणाल्या, "पाठ दुखते गं यावर." आणि चहा संपला तरी उठल्या नाहीत.