मार्कंड्याआधीची चाल

आज भाचीला पहिल्यांदा पंधरा किलोमीटर चालवलं. महाशिवरात्रीला तिला मूलहून पायी मार्कंड्याला जायचंय, उत्तरवाहिनी वैनगंगेच्या काठी. उजाडल्याशिवाय निघायचं नाही, हे आधीच बजावलं होतं; आपल्याकडचा रस्ता वाघाचाही आहे.

दहाव्या किलोमीटरला ती थांबली. "मामा, टाचेले फोड आला जी." मोजा काढला. घामाने चिंब, आत वाळूचे दोन कण. पाय पुसला, चिकटपट्टी लावली, कोरडा मोजा चढवला. फोड फोडू मात्र दिला नाही.

2018 मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टवर पोहोचली, ते तिला सांगितलं. ऐकून ती उठली. माझा ऊर भरून आला.

उद्या विश्रांती. परवा पाठीवर पाण्याच्या दोन बाटल्या.