एकाच क्रमांकाची दोन माणसं

बुखेनवाल्डच्या छळछावणीत कैदी मेला किंवा दुसऱ्या छावणीत गेला, की त्याचा क्रमांक नव्याने आलेल्या माणसाला दिला जायचा. प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात हे मी लिहिलं होतं. तरीही त्याच क्रमांकावर भिस्त ठेवून मी एका पोलिश कुटुंबाला त्यांच्या आजोबांच्या मृत्यूची चुकीची तारीख कळवली.

कागद आरोल्सनच्या संग्रहातले होते. युद्धात बेपत्ता झालेल्यांचा शोध घेण्यासाठी जर्मनीतल्या बाड आरोल्सन गावात हे दप्तर उभं राहिलं. त्यात सुमारे तीन कोटी दस्तऐवज आहेत आणि पावणेदोन कोटी माणसांचे उल्लेख आहेत. अकरा देशांच्या आयोगाची संमती मिळेपर्यंत, म्हणजे २००७ च्या अखेरीपर्यंत, संशोधकांना तिथे प्रवेश नव्हता. इतकी वर्षं हे दार बंद ठेवणं अन्यायच होता असं मला आजही वाटतं. आता त्यातला मोठा भाग घरबसल्या पाहता येतो. मीही तसाच पाहिला.

आजोबांच्या कार्डावर राजकीय कैद्याचा लाल त्रिकोण, पोलंडचं अक्षर, व्यवसाय सुतार आणि क्रमांक. तोच क्रमांक मला मृतांच्या एका यादीत सापडला. त्यापुढचं नाव पुसट होतं, आडनावाची सुरुवातीची अक्षरं तेवढी जुळत होती. जन्मसाल मात्र जुळत नव्हतं, १९०८ च्या जागी १९१८ होतं. कारकुनाच्या हातून एक आकडा चुकला असेल, असं मी धरून चालले. प्रकरणाला शेवट हवा होता आणि तो समोर दिसत होता. जो आकडा मला थांबवायला हवा होता, त्यालाच मी चूक ठरवलं.

खरी नोंद वेगळ्याच यादीत होती, हे मला नंतर कळलं. मृतांच्या यादीतल्या तारखेच्या कितीतरी आधी आजोबांना फ्लोसेनबुर्गच्या छावणीत पाठवलं होतं. ती यादी मला आधी दिसली नाही, कारण मी आडनाव एकाच पद्धतीने लिहून शोधलं होतं. पोलिश आडनावातला ‘श’ जर्मन लेखनिक आपल्या पद्धतीने लिहायचे. आरोल्सनच्या मध्यवर्ती नामसूचीत कार्डं उच्चारानुसार लावलेली आहेत ती म्हणूनच. जुन्या कर्मचाऱ्यांनी पिढ्यानपिढ्या सांभाळलेली ही शिस्त मी संगणकाच्या एका चौकटीपुढे विसरले.

कुटुंबाला पाठवलेल्या त्याच पत्रात दुसरी चूकही होती, आणि ती मला जास्त बोचते. मृत्यूचं कारण म्हणून यादीत हृदयविकार होता, तो मी जसाच्या तसा उतरवला. न्यूरेंबर्गच्या खटल्यात माउटहाउझेन छावणीची मृत्युनोंदवही पुरावा म्हणून आली होती. तिच्यात १९ मार्च १९४५ या एका दिवशी २०३ माणसं हृदयविकाराने, थोड्याथोड्या वेळाने आणि आडनावांच्या वर्णानुक्रमाने मेल्याची नोंद आहे. माणसं वर्णानुक्रमाने मरत नाहीत. मारणाऱ्यांनी आपल्या सोयीने लिहिलेलं कारण मी मेलेल्याच्या घरी पोचवलं. आणि तो मेलेला त्या घरातला नव्हताच.

कुटुंबाने त्या तारखेला चर्चमध्ये प्रार्थना ठेवली होती. हे कळल्यावर मी चूक सविस्तर लिहून कळवली. कोणती नोंद कशाशी जोडली, जन्मसालाकडे का दुर्लक्ष केलं, सगळं लिहिलं. प्रबंधाचं ते प्रकरण मागे घेतलं आणि क्रमांकावरून जुळवलेली प्रत्येक व्यक्ती जन्मतारीख आणि जन्मगावासह पुन्हा तपासली. आणखीही काही जोड्या मोडल्या.

आजोबांच्या नातीने उत्तरात रागाचा शब्द लिहिला नाही. फ्लोसेनबुर्गच्या यादीची प्रत तेवढी मागितली. ती पाठवताना मी लिहिलं, की यापुढची एकही नोंद मला सापडलेली नाही. आणि ज्या तरुणाचा मृत्यू मी तिच्या आजोबांच्या नावावर घातला होता, त्याचं पूर्ण आडनाव मी अजून शोधते आहे.