आमच्या गिटारीच्या पोटात मोटार!

इलेक्ट्रिक गिटारीला आवाज ऐकूच येत नाही! तुम्हाला माहीत होतं हे? तारांच्या खाली त्या काळ्या पट्ट्या बसवलेल्या असतात ना, त्यांना पिकअप म्हणतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की हे बारके माइक असणार. नाहीत! चांगल्या पिकअपच्या अगदी तोंडाशी जाऊन ‘रामकृष्णहरी’ म्हणा, मोठ्याने म्हणा, स्पीकरमधून शब्द उमटणार नाही. (मी म्हणून पाहिलं. घरात कुणी नाही हे बघून!) आत फक्त चुंबक असतं आणि त्याच्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. बस्स! संपलं! एवढ्यावर अख्खं जग नाचतंय!

माझी लायकी आधीच सांगून टाकते. संगीतातलं मला ओ की ठो कळत नाही. विहिरीवरची मोटार जळाली की कुणाला फोन लावायचा, एवढीच माझी विजेची विद्या. तेव्हा हे वाचून कुणी गिटार बनवायला घेतली तर जबाबदारी माझी नाही! पण जाऊ नका, थांबा, तुम्हालाही यात ओढल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

झालं असं, की माझा भाचा इंदापूरकडून आमच्या माळेगाव बुद्रुकला आला, शिवनगरच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकायला, आणि राहायला माझ्याकडे. आल्यावर त्याची नजर गेली ती पडवीत पडलेल्या जुन्या सागवानी तुळईवर. “आत्या, ही मला दे.” दिली! मला वाटलं टेबल करील. आणि मग एक दिवस मिस्त्री ती कापून, रंधून, गिटारीच्या आकाराची करून घेऊन आले आणि म्हणाले, “ताई, आता खोबण केवढं पाडू?” आणि मग भाचा गप्प, मिस्त्री गप्प, मी तर काय गप्पच, कारण कळलं असं की पिकअपच्या प्रत्येक जातीचं माप वेगळं! हमबकर नावाच्या जातीला साधारण 70 बाय 40 मिलिमीटरचं खोबण लागतं, सिंगल कॉइलवाला लांब पण निम्माच रुंद, आणि पी-90 नावाचा तिसरा गडी आणखी वेगळा! जन्मभर चौकटी बसवलेले मिस्त्री पटाशी खाली ठेवून म्हणाले, “आधी ठरवा, मग बोलवा.” बरोबरच आहे! सागवानाला पाडलेलं भोक बुजवत नसतात!

म्हणून मी ठरवायला बसले. आणि मग जी बसले ती अजून उठलेली नाही!

तर बघा, चुंबकामुळे वरची स्टीलची तार स्वतःच थोडीशी चुंबक होते. तार छेडली की ती हलते, ती हलली की गुंडाळीतून जाणारं चुंबकीय क्षेत्र हलतं, आणि ते हललं की गुंडाळीत वीज तयार होते! हे फॅरडेने 1831 मध्येच शोधून ठेवलं होतं, दहावीच्या पुस्तकातही आहे, आपण मार्कांपुरतं पाठ केलं आणि सोडून दिलं! म्हणजे पिकअपला सूर कळत नाही, त्याला फक्त लोखंडाची हालचाल कळते. म्हणूनच नायलॉनच्या तारांची गिटार त्याच्यासमोर कितीही जीव तोडून वाजवा, त्याला पत्ता लागत नाही!

आणि तांब्याची इनॅमल चढवलेली तार म्हटल्यावर मला दुसरं काय आठवणार? मोटार भरायचं दुकान! भाच्याच्या मित्राच्या मोडक्या गिटारीतला एक हमबकर पिशवीत टाकला आणि गेले की तिथे, जिथे आमची पाच हॉर्सपॉवरची दर उन्हाळ्यात जाऊन बसते! दुकानदारदादांनी तो उलटासुलटा केला, मीटर काढला, दोन टोकांना लावला. काही नाही. “ताई, तार तुटलीय आत.” माझा जीव खालीवर! आणि मग भाचा हळूच म्हणाला, “दादा, रेंज वाढवा, 20 के वर टाका,” आणि दादांनी बटण फिरवलं आणि आकडा आला 7.8! किलो-ओहम! दादा मीटरकडे बघतात, पिकअपकडे बघतात, परत मीटरकडे बघतात. मोटारीचं वायंडिंग म्हणजे दोन-चार ओहमचा मामला, आणि हे आगपेटीपेक्षा थोडं मोठं डबडं जवळजवळ आठ हजार ओहम दाखवतंय!

का? तर तार किती बारीक! साधारण 0.063 मिलिमीटर! छताच्या पंख्याची तार, जी दादा त्यांच्याकडची सगळ्यात नाजूक म्हणून दाखवतात, तीसुद्धा हिच्या तिप्पट जाड! आणि वेढे? फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीच्या एका पिकअपमध्ये आठ हजारांच्या घरात! मी कागदावर हिशोब मांडला. एका वेढ्याला चौदाएक सेंटिमीटर धरले तर एका बोटभर रुंद पट्टीत किलोमीटरभर तार! आमच्या वस्तीपासून नीरा डाव्या कालव्यापर्यंत जाऊन पुन्हा चहाला घरी येईल एवढी! आणि ती सोडताना ताण जरा जास्त झाला की तुटली, कमी झाला की सैल. फेंडरच्या कारखान्यात अबिगेल इबारा नावाच्या बाई 1956 पासून हे काम करत होत्या, तार बोटांत धरून, आणि त्यांच्या हातचे पिकअप लोक नाव विचारून घेतात! आपल्याकडे एखाद्या सुगरणीचं लोणचं मागतात तसं म्हणणार होते, पण नको, लोणच्याला कुणी मीटर लावत नाही.

आणखी एक ऐका! ज्या लिओ फेंडरने ती स्ट्रॅटोकास्टर 1954 मध्ये बाजारात आणली, त्याला गिटार वाजवता येत नव्हती! खरंच! मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस! हे वाचल्यावर माझी छाती अशी फुगली की विचारू नका. आणि त्याच्याही आधी, 1931 च्या सुमारास, जॉर्ज बीचम नावाच्या गिटारवाल्याने पहिला चालणारा पिकअप घरच्या घरी खटपट करून बनवला, घरातल्याच एका यंत्राची मोटार लावून गुंडाळी केली आणि वर घोड्याच्या नालाच्या आकाराची चुंबकं बसवली. पेटंट मिळायला 1937 उजाडलं! सगळे आपल्यातलेच लोक की हो!

आता आपल्याकडचं सांगते, कारण गंमत दूर अमेरिकेतच आहे असं नाही. वरातीतला बेंजो आठवा! तो मूळचा बुलबुलतरंग, आणि त्याचाही पूर्वज म्हणजे जपानमधल्या नागोयात 1912 मध्ये निघालेलं ताइशोगोतो नावाचं वाद्य. आपल्या पोरांनी त्याला पिकअप लावला, वायर काढली, गाडीवरच्या कर्ण्यांना जोडली आणि गणपतीपासून हळदीपर्यंत सगळं गाजवलं! त्यावर रवी जाधवांनी 2016 मध्ये हिंदी सिनेमाही काढला. आणि मुंबईच्या सिनेसंगीतातले व्हॅन शिपले! त्यांनी स्वतःच्या डोक्याने आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार तयार केली होती, तीसुद्धा कधी, जेव्हा आमच्याकडे कंदील होते तेव्हा! म्हणजे माझा भाचा काही जगावेगळं करत नाहीये. मी त्याच्या आईला फोन करून हे सांगितलं. ती म्हणाली, “आधी सेमिस्टरचं विचार.”

बरं, निवड! निवडायचं कसं? पहिली गोष्ट गुणगुणीची. सिंगल कॉइलचा आवाज काचेसारखा स्वच्छ, पण ती गुंडाळी तारेबरोबर घरातली वीजही पकडते. आमच्या वस्तीवर रात्रीची थ्री फेज लाईट आली, स्टार्टर खट्कन बसला, ट्यूब लागली की स्पीकरमधून घूंऽऽऽ! 50 हर्ट्झ, आपल्या महावितरणचीच! आणि मग भाचा गिटार घेऊन खोलीत गोल फिरतो, दाराकडे तोंड केलं की घूं वाढते, खिडकीकडे केलं की जवळजवळ बंद! बंद! मी स्वतः त्याला दोन्ही खांदे धरून फिरवला, रेडिओचं बटण फिरवावं तसा!

यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने 1955 मध्ये काय केलं? दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी ठेवल्या, दुसरीचे वेढे उलटे आणि चुंबकाची टोकंही उलटी. विजेची घूं दोघींत एकमेकींच्या विरुद्ध उमटते म्हणून मिटते. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटा होऊन सुलटा येतो आणि बेरीज होते! कागदावर अधिक-उणे मांडून पाहा, मी मांडलं, आणि जमल्यावर एकटीच टाळ्या वाजवल्या. बदल्यात वरची बारीक किणकिण थोडी जाते, आवाज जाडसर, भरदार होतो. भाच्याला जे धडधड संगीत लागतं त्याला हेच पाहिजे.

दुसरी गोष्ट जागेची, आणि ही मला सगळ्यात आवडली! तोच पिकअप मानेजवळ बसवला तर आवाज गोल, घोडीजवळ बसवला तर धारदार. कारण घोडीजवळ तार जेमतेम थरथरते, मानेकडे चांगली झुलते! पुढे चुंबकाचा प्रकार आहे, ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्टचं, म्हणजे अल्निकोचं, मऊ आणि सिरॅमिकचं कडक वाजतं म्हणतात. मला दोन्हींत फरक ऐकू आला का? आला असं मी भाच्याला सांगितलंय.

आणि ते व्हॉल्यूमचं बटण! चहाच्या किमतीची वस्तू! सिंगल कॉइलला 250 के, हमबकरला 500 के, असा रिवाज. आकडा लहान घेतला की चमक गळते, मोठा घेतला की टिकते. टोनला लागणारा कपॅसिटर 0.022 मायक्रोफॅरडचा. आपल्या पंख्याचा असतो 2.5 चा, म्हणजे शंभरपटीहून मोठा! मी पंख्याचा काढून आणला होता. भाच्याने तो प्रेमाने परत लावला.

एक मात्र ठाम सांगते: ओहमचा आकडा बघून पिकअप घेऊ नका! दुकानात “हा 15 के आहे, जोरात वाजतो” असं सांगतात. तार बारीक घेतली तरी आकडा वाढतो, त्याने आवाज चांगला होतो असं नाही. खतामध्येही पोत्यावरचा आकडा बघून भुलणारे शेजारी मी पाहिलेत.

मग आम्हाला घरीच गुंडाळायची हुक्की आली! दुकानदारदादा तर उतावीळ झाले होते. पण ब्रायन मेची गोष्ट वाचली. क्वीन बँडचा गिटारवाला, त्याने 1963 पासून वडिलांबरोबर घरीच गिटार बनवली, तिची मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची! (बघा! आमची तुळई!) पिकअपही घरीच केले, पण तार बोटाने बाजूला ओढली की विचित्र आवाज यायचा. शेवटी त्याने बर्न्स कंपनीचे तीन विकत आणले आणि आत अराल्डाइट ओतलं, म्हणजे गुंडाळी थरथरून शिट्टी मारणार नाही. अराल्डाइट! आपल्या कपाटातलं! तो पुढे खगोलशास्त्रात डॉक्टरेट झालेला माणूस विकत आणतो, तर आपण कोण?

तर निकाल असा. घोडीजवळ हमबकर, अल्निको चुंबकाचा. मानेजवळ पी-90, गिब्सनने 1946 मध्ये काढलेला, सिंगल कॉइलच पण अंगाने दणकट, गुणगुणतो पण गोड वाजतो. आणि गंमत म्हणजे हमबकरच्या मापाच्या खोक्यातले पी-90 मिळतात! म्हणजे दोन्ही खोबणं एकाच मापाची, आणि उद्या भाच्याचं मन फिरलं तरी सागवान वाचलं! तुम्हीही बनवत असाल तर हेच माप पाडा. मिस्त्रींना फोन केला, त्यांनी एकाच शब्दात उत्तर दिलं: “येतो.”

आता फक्त फ्रेटबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं टेकवायची पट्टी, तेवढा राहिलाय. त्याला शिसवी लागते, जुनी, पक्की वाळलेली, अर्धा मीटर लांब आणि सहा-सात सेंटिमीटर रुंद. तुमच्या माळ्यावर मोडका पाट, पलंगाची फळी, काहीही पडलं असेल तर कृपा करून चुलीत घालू नका. आम्हाला द्या! न्यायला मी स्वतः येईन, आणि हो, येताना मीटर आणि तो हमबकर घेऊनच येईन!