हिवतापाने वसवलेली शहरे

पोर्ट लुईच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून सुटणारी मेट्रो साधारण चाळीस मिनिटांत क्युरपीपला पोचते. अंतर सव्वीस किलोमीटर, चढ साडेपाचशे मीटरच्या आसपास. एवढ्या प्रवासात मॉरिशसमधली सगळी शहरे पाहून होतात, कारण कायद्याच्या हिशेबाने या देशात शहरी नगरपालिका पाचच आहेत: पोर्ट लुई, बो बासाँ-रोझ हिल, कात्र बोर्न, व्हाकोआ-फिनिक्स आणि क्युरपीप. बेटाची शहरे बंदरांभोवती वसलेली असणार, अशी आपली समजूत असते. इथे मात्र बंदराचे शहर एकच, बाकीची चार समुद्राकडे पाठ करून पठारावर एकाला एक खेटून बसली आहेत. खिडकीबाहेर पाहताना एक संपून दुसरे कुठे सुरू झाले ते कळत नाही. फक्त फलकावरचे नाव बदलते. ही रांग अशी का लागली, हे कोडे मनात ठेवून मी हा प्रवास केला. माझे उत्तर असे की ही शहरे हिवतापाने वसवली आणि आगगाडीने जगवली.

सुरुवात अर्थातच बंदरापासून. 1735 साली गव्हर्नर म्हणून आलेल्या ला बूर्दोनेने पोर्ट लुईला राजधानीचे रूप दिले. डोंगरांच्या कुशीतले हे बंदर वाऱ्यापासून सुरक्षित, आणि त्याच कारणाने उकाड्याचे. 1810 मध्ये बेट इंग्रजांकडे गेले. 1834 पासून गिरमिटिया मजुरांची जहाजे याच धक्क्याला लागू लागली. हे मजूर जिथे उतरत तो आजचा आप्रवासी घाट मेट्रोच्या मार्गापासून हाकेच्या अंतरावर आहे. रत्नागिरीकडची मराठी माणसेही याच वाटेने बेटावर उतरली आणि उसाच्या मळ्यांत पांगली. तोवर ज्याला शहर म्हणावे असे काही होते ते मुख्यतः या बंदरापाशीच. मग 1866 ते 1868 या काळात हिवतापाची साथ आली. एकट्या 1867 साली बेटावर तीस हजारांहून अधिक माणसे दगावली. ताप डासांमुळे येतो हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. दोष दूषित हवेला दिला जाई. निदान चुकीचे होते, पण त्यातून निघालेला उपाय बरोबर ठरला. थंड, उंच पठारावर हिवतापाचा डास फारसा टिकत नव्हता. ज्यांना परवडले त्यांनी बंदर सोडले आणि ते वर गेले.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. क्युरपीपवरून जाणारी आगगाडी 1865 सालीच सुरू झाली होती, म्हणजे साथीच्या आधी. मग श्रेय तापाला कशाला? शिवाय गोऱ्या श्रीमंतांना बंदरातल्या गर्दीपासून दूर राहायचेच होते, असेही म्हणता येईल. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. पण ही गाडी मुख्यतः साखर आणि मळे यांच्यासाठी सुरू केली होती; तिने दार उघडले, घाईघाईने बाहेर पडायला लावले ते तापाने. दाराचा उपयोग कोणाला झाला, हे मात्र पैशाने ठरले. वर हवेशीर लाकडी घरे उभी राहिली. मळ्यातला मजूर आणि बंदरातला हमाल खालीच राहिले. मुंबईकराला हे नवे वाटू नये. 1896 च्या प्लेगनंतरच तिथे सुधार न्यास स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याची आखणी झाली. माथेरान-महाबळेश्वरही थंड हवेचीच, पण तिथे माणूस हंगामापुरता जाई. क्युरपीपला गेलेला परतला नाही, कारण सकाळची गाडी त्याला कचेरीत पोचवत होती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार. 1956 मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या. ही शहरे आगगाडीवर जगली असतील तर ती तेव्हाच सुकायला हवी होती. ती सुकली नाहीत, कारण नव्वद वर्षांत शाळा, बाजार, चर्च, देवळे सगळे स्थानकांच्या आसपास रुजले होते. बस त्याच थांब्यांना लागल्या. खरा पुरावा त्यानंतरचा. लार्सन अँड टुब्रोने मेट्रो बांधली तेव्हा तिचा बराचसा मार्ग जुन्या रुळांच्याच पट्ट्यातून गेला आणि 2022 च्या ऑक्टोबरात ती पुन्हा क्युरपीपला पोचली. साठ-सत्तर वर्षे मोटारींनी राज्य करूनही शहरांचा कणा जागचा हलला नव्हता.

खरे मॉरिशस खेड्यांत राहते, असेही कोणी म्हणेल. सरकारी आकडे त्याच्या बाजूने आहेत: निम्म्याहून अधिक लोक ‘गावां’त राहतात. पण त्रिओले, गुडलँड्स किंवा आग्नेय किनाऱ्यावरचे माएबूर पाहिले की हा फरक कागदापुरता वाटू लागतो. दुकानांच्या रांगा, बँका, बसस्थानके असलेल्या या वस्त्या आपल्याकडे तालुक्याची गावे म्हणून सहज खपल्या असत्या. शहर कशाला म्हणायचे याची रेघ तापाच्या आणि रुळांच्या इतिहासाने ओढली. कायद्याने ती फक्त गिरवली.

आता तो ताप राहिलेला नाही. 1908 च्या सुमारास, हिवताप डासांमुळे पसरतो हे सिद्ध करणाऱ्या रोनाल्ड रॉस यांनी बेटावरच्या हिवतापाची पाहणी केली. 1949 पासून डीडीटीची मोहीम चालली आणि 1973 मध्ये मॉरिशस हिवतापमुक्त जाहीर झाले. ज्या किनाऱ्यावरून लोक पळाले तो आज ग्रँड बेसारख्या ठिकाणी सर्वांत महाग विकला जातो, आणि वर्षातला बराच काळ पाऊस झेलणाऱ्या क्युरपीपला भिंतींवर शेवाळ चढते. कारण संपले, सवय उरली. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की पोर्ट लुईचे रस्ते ओस पडतात आणि भरलेली मेट्रो चढाला लागते. 1867 साली जीव वाचवायला वर गेलेले शहर आजही रोज त्याच वाटेने घरी जाते.