आईचं वजन किती?

"आईचं वजन किती आहे गं?"

दादानं फोनवर पहिलाच प्रश्न हा विचारला आणि मी कोपर्निकस मार्गाच्या फुटपाथवर थबकलेच. रविवारची सकाळ होती. नॉयडाहून मेट्रोनं मंडी हाउसला उतरायचं, तिथून रिक्षानं जुन्या महाराष्ट्र सदनाकडे जायचं, हा आमचा नेम. तिथं चार मराठी शब्द कानावर पडले की आईचा आठवडा सुखाचा जातो. दादा डेन्व्हरला असतो. त्याच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र.

आईनं ऐकलं होतंच. "का रे, तराजूत घालतोस की काय मला?"

"गाडी घेतोय आई. तुला फिरवायला."

सदनात पोहे येईपर्यंत सगळा उलगडा झाला. आईचे गुडघे दुखतात, हॉटेलातलं खाणं तिला चालत नाही, रात्री दोनदा उठावं लागतं. म्हणून वहिनीनं सुचवलं की कॅम्पर घेऊ. कॅम्पर म्हणजे चाकांवरची खोली: पलंग, ओटा, न्हाणीघर, सगळं आत. उन्हाळ्यात आईला घेऊन डोंगर पाहायला जायचं. फक्त ती खोली ओढायला दणकट पिकअप हवी. आपल्याकडे पिकअप म्हटलं की भाजीच्या पाट्या डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेत मात्र ती घरची गाडी असते. मुलांना शाळेत सोडायलाही तीच.

दादाला एक पिकअप पसंत पडली होती. विक्रेत्यानं छातीठोकपणे सांगितलं होतं, पाच टन ओढते! कॅम्पर तर सामानासकट ३,४०० किलोंचा. मग अडचण कुठली? पण ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक छोटं पिवळं लेबल असतं. माणसं आणि सामान मिळून गाडीत किती वजन चालेल, ते त्यावर छापलेलं असतं. त्या गाडीवर आकडा होता ७२० किलो. तो पाहून दादा वजनं विचारत सुटला होता.

मी कागद काढला. कॅम्परचं थोडं वजन जोडावरून गाडीच्या मागच्या भागावर येतं. सर्वसाधारण कॅम्परला ते १० ते १५ टक्के असावं लागतं. दादाच्या कॅम्परचं १३ टक्के धरलं तर ४४० किलो.

"एवढं कशाला? कमी ठेवावं," मी म्हटलं.

आई हसली. तिचं माहेर सांगलीकडचं. "अगं, मग उलाळ होईल. बैलगाडीत ओझं मागं जास्त झालं की पुढचा भाग वर उचलतो. आणि फार पुढं आलं तर बैलाची मान मोडते. उसाच्या ट्रॉलीनं ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली पाहिली नाहीस का?"

नेमकं तसंच. जोडावर वजन कमी पडलं तर कॅम्पर मागं झोले खाऊ लागतो आणि गाडीलाही ओढून नेतो. जास्त झालं तर गाडी मागं बसते, पुढची चाकं हलकी होतात.

४४० मध्ये पाच माणसांचे २९१ मिळवले. जोडाचं लोखंड ४०. सायकली, जनित्र, अवजारं, पाणी १२०. बेरीज ८९१. म्हणजे १७१ किलो जास्त.

फोनवर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मोठी गाडी बरीच महाग होती. मग आई हळूच म्हणाली, "मला वगळा. तुम्ही चौघं जाऊन या. मी घरी थांबेन."

मी पुन्हा वजाबाकी केली. आईचे ६४ वगळले तरी १०७ किलो जास्तच! खरं सांगते, इतका आनंद मला कुठल्याच चुकलेल्या हिशेबानं दिला नव्हता. आईला वगळून प्रश्न सुटतच नव्हता.

मोठी गाडी घ्यायची हे ठरलं, पण पेट्रोल की डिझेल? दिल्लीकराचं मत आधीच झुकलेलं असतं. राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ मध्ये राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली, पेट्रोलला पंधरा वर्षं दिली. पण दादाचं गणित वेगळं होतं. त्या वर्गातल्या गाडीत डिझेलची ओढ पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय पेट्रोलचं साधं इंजिन उंचावर दमतं. दर हजार फुटांना सुमारे तीन टक्के ताकद घटते. डेन्व्हरहून पश्चिमेला जाताना आयझेनहॉवर बोगदा लागतो, अकरा हजार फुटांवर. म्हणजे एकतृतीयांश ताकद गेलीच. उतारावर गाडी आवरून धरायलाही डिझेल बरं.

दुसरी बाजू अशी की डिझेल गाडी सुमारे दहा हजार डॉलरनं महाग. इंजिन जड असल्यामुळे वाहून न्यायची क्षमता दोन-तीनशे किलोंनी कमी. धुराची गाळणी साफ राहायला लांबची दौड लागते. दादाची रोजची धाव शाळा आणि ऑफिस एवढीच. पेट्रोल गाडी कॅम्पर ओढताना लिटरला साडेतीन-चार किलोमीटरच देईल, पण वर्षातून तीन-चार आठवडेच ना? शेवटी फोर्डची एफ-२५० ठरली, ७.३ लिटरच्या पेट्रोल इंजिनाची. लेबलवर १,३०० किलो. कॅम्परचे ब्रेक गाडीतूनच लावायची सोयही त्यानं आधी पाहून घेतली. घाटात चढताना गाडी हळू गेली तर बिघडत नाही. उतरताना मात्र ती थांबायलाच हवी.

परतताना रस्त्याच्या नावाची पाटी दिसली. सूर्य पृथ्वीभोवती फिरत नाही, हे कोपर्निकसनं १५४३ मध्ये ग्रंथ छापून मांडलं. आमचंही थोडं तसंच झालं. आम्ही माणसांचा हिशेब गाडीभोवती फिरवत होतो. खरं तर आधी माणसं मोजायची, मग त्यांचं सामान, आणि मग त्यांना पेलेल ती गाडी शोधायची. ओढणं वेगळं, वाहून नेणं वेगळं. जाहिरातीत ओढण्याचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो. वाहून नेण्याचा आकडा दार उघडून वाचावा लागतो.

रात्री दादानं नव्या हिशेबाच्या कागदाचा फोटो पाठवला. आईच्या ६४ खाली त्यानं आणखी एक ओळ घातली होती: 'आईचं सामान, २० किलो.'

आईनं चष्मा लावून तो नीट वाचला. म्हणाली, "वीस कमी पडतील म्हणावं. पाटा नाही, पण निदान खलबत्ता तरी न्यायला नको का?"