अक्कल गुडघ्यात

एखाद्याची अक्कल गुडघ्यात आहे असे म्हटले की त्याला राग येतो. मला येत नाही. चाळिशी ओलांडून डोंगर चढायचा असेल, तर अक्कल तिथेच असलेली बरी.

आमच्या बँकेतली मंडळी मला हमखास विचारतात, "चढवेल ना हो तुम्हाला?" "उतरवेल ना?" असे कोणी विचारत नाही. खरी गोम तिथेच आहे. चढताना लागणारा दम म्हणजे चालू खाते. पाच मिनिटे दगडावर टेकले की रक्कम पुन्हा जमा. उतरताना मात्र प्रत्येक पावलाला सारे वजन एका गुडघ्यावर आदळते. ते झेलायचे मांडीच्या स्नायूंनी. ते थकले की धक्का गुडघ्याला. आणि गुडघ्यातली कूर्चा ही मुदत ठेव आहे, एकदा झिजली की सहसा भरून येत नाही.

म्हणून कळसूबाईला (उंची १६४६ मीटर, महाराष्ट्रात सर्वांत जास्त) जाण्याआधी मी दोन महिने हळूहळू वाढवत उठाबशा काढल्या. शाळेत मास्तर हीच शिक्षा फुकट देत असत! पिशवी हलकी ठेवली. वरच डबा संपवला की ओझे कमी होते, हा मात्र भ्रम आहे. ते फक्त पिशवीतून पोटात वर्ग होते.

उतरताना आधी काठी, मग पाऊल. पाऊल लहान, गुडघा किंचित वाकलेला, वाट रुंद असेल तर नागमोडी चाल. लोखंडी शिड्यांवर तोंड शिडीकडे. शेजारून तरुण मंडळी नी-कॅप चढवून उड्या मारत जात होती. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, दुसरे काय!

"काठी घेऊन अगदी मामंजींसारखे दिसता," आमची ही म्हणाली.

मामंजी म्हणजे माझे वडील. वर्षानुवर्षे रोज पहाटे पर्वती चढणारा माणूस. आता पहिल्या पायरीशी उभे राहून खालूनच हात जोडतात, आणि वर जाणाऱ्यांकडे बघत बसतात. ते बघणे मला बघवत नाही.

तेव्हा काठीला कोणी हसले तर खुशाल हसो. साठीनंतरही मला देवळात जाऊन हात जोडायचे आहेत. तेवढी शिल्लक गुडघ्यांत राखून ठेवतो आहे.