जंगलाची बाहेरची बाजू

कान्हेरीला येणारी माणसं बहुतेक चैत्यगृह पाहतात, उंच बुद्धमूर्तींपुढे उभी राहून फोटो काढतात आणि खाली उतरतात. मी रेंगाळतो तो पोढ्यांपाशी, म्हणजे पाण्याच्या टाक्यांपाशी. लेण्यालेण्याच्या अंगणात एका कडेला खडकात खोदलेलं टाकं, आणि वर कातळाच्या पाठीवर कोरलेल्या उथळ पन्हळी. पहिल्या मोठ्या सरीत त्यांच्यावर बोट ठेवून पाहावं. पाणी बोटाला वळसा घालतं आणि ठरलेल्या वाटेनंच खाली जातं. हजारेक वर्षं इथे भिक्षू राहिले, शंभराहून अधिक लेणी त्यांनी कोरली, आणि एवढ्या वस्तीला पाणी पुरलं ते या डोंगराकडूनच. आधी पावसाचा उतार पाहायचा आणि मग राहायची जागा ठरवायची, असा त्यांचा क्रम असावा. बोरिवलीच्या या राष्ट्रीय उद्यानातलं सगळ्यात जुनं नियोजन मला इथे दिसतं.

पुढे मुंबईला तहान लागली तेव्हा इंग्रजांनीही याच डोंगरांकडे पाहिलं. 1860 मध्ये विहार तलाव झाला, 1879 मध्ये तुळशी. पिण्याचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून भोवतालचं पाणलोट राखलं गेलं आणि त्याच्या आडोशानं साग, खैर, ऐन, कळंब, कुडा वाढत राहिले. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं सुमारे 104 चौरस किलोमीटरचं रान टिकलं ते शहराच्या गरजेमुळे, हे विसरता कामा नये. शहराला आता गरज उरली नाही असं वाटू लागलं, की या रानाला कोणी वाली उरणार नाही.

आणि गरज तर आहेच. दहिसर नदी तुळशीच्या बाजूनं निघते, मिठी नदी विहार-पवईच्या सांडव्यातून. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीनं शहराला जे दाखवलं ते माझ्या पिढीतला कोणी विसरलेला नाही. त्या पावसातला काही वाटा डोंगरावरच्या पाचोळ्यानं आणि मुळांनी धरून ठेवला असणारच. तो धरला गेला नसता तर काय झालं असतं, याचा विचारही मला करवत नाही. आता ठाणे–बोरिवली जुळे बोगदे याच डोंगरांच्या पोटातून जायचे आहेत. रस्त्यापेक्षा बोगदा बरा, वरची झाडं वाचतात, हे मला मान्य आहे. पण डोंगराचं पोट पोकळ नसतं. त्यात पाण्याच्या वाटा असतात, आणि आराखड्यात झाडांइतकीच त्यांचीही काळजी दिसायला हवी.

उद्यानाचं व्यवस्थापन म्हटलं की लोकांना वनराणी ही छोटी आगगाडी आठवते, तिकीटखिडकी आणि सफारीची गाडी आठवते. खरं काम वर्दळीपासून दूर चालतं. गवत वाळायला लागलं की वनमजूर जाळरेषा काढतात. एक लांब पट्टा साफ करायचा, त्यातलं गवत आणि पाचोळा काढून टाकायचा, म्हणजे उन्हाळ्यात कुठे वणवा पेटलाच तर तो त्या पट्ट्याशी थांबतो. पाठीत वाकून दिवसभर करायचं हे काम. त्याचं यश म्हणजे काहीच न घडणं, म्हणून ते कोणाच्या नजरेत भरत नाही. माझ्या मते या उद्यानात सगळ्यात मानाचं काम हेच आहे.

कारवीचं उदाहरण घ्या. आठ वर्षांतून एकदा ती फुलते. 2016 मध्ये उतारांवर तिचा जांभळा बहर पाहायला झुंबड उडाली होती. फुलून झाली की कारवी वाळते, वठलेल्या काड्या उभ्याच राहतात आणि त्यांच्यावरच्या बोंडांत बी अडकून बसतं. सुकं बोंड हातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडला की ते टचकन उकलतं आणि बी तळहातावर उडून पडतं. पहिल्या पावसात अख्खा उतार असा तडतडतो. त्याआधीच्या उन्हाळ्यात तिथे वणवा लागला तर आठ वर्षांची पुंजी एका दुपारी राख होते. व्यवस्थापन आराखडा साधारणपणे दहा वर्षांचा असतो. त्या दहा वर्षांतले हे काही महिने जपायचे असतात, हे उद्यानातल्या आदिवासी पाड्यांवरच्या म्हाताऱ्यांना कागदाशिवाय ठाऊक आहे. कारवीच्या काड्यांच्या कुडावर मातीचा लेप देऊनच त्यांची घरं उभी राहिली.

पाड्यांचा विषय निघाला की मला अवघडल्यासारखं होतं. 1995 मध्ये पर्यावरणवाद्यांनी अतिक्रमणांविरुद्ध याचिका केली, 1997 मध्ये उच्च न्यायालयानं आदेश दिला आणि हजारो झोपड्या हटल्या. रान वाचलं याचं समाधान मला आहे. पण ज्यांच्या डोक्यावरचं छप्पर गेलं त्यांची किंमत त्या समाधानात धरलेली नाही. वारली कुटुंबं तर अतिक्रमणाची भाषा जन्मायच्या आधीपासून इथली. वाघोबाला पुजून, त्याच्या वाटेत न येता राहण्याची रीत त्यांच्याकडे होती, आणि शहराला ती उशिरा शिकावी लागली.

2004 साली पावसाळ्याच्या तोंडावर इथे बिबट्यांच्या हल्ल्यांत एकामागून एक माणसं गेली. त्या काळात बिबट्या दिसला की पकडायचा आणि दूर नेऊन सोडायचा, असा शिरस्ता होता. जुन्नर भागातल्या बिबट्यांवर काम करणाऱ्या विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून उलटंच दिसलं. बिबटे जिथे नेऊन सोडले, त्याच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बावरतं, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरं जनावर घेतं. 2011 मध्ये उद्यानाचे तेव्हाचे प्रमुख सुनील लिमये यांच्या काळात वनखातं, अभ्यासक आणि सामान्य मुंबईकर एकत्र आले. पिंजऱ्यांऐवजी माहिती, पोलिसांना गर्दी आवरण्याचं शिक्षण आणि कडेच्या वस्त्यांत कचरा उचलण्याचा आग्रह, असं ते काम होतं. बिबट्याच्या विष्ठेतले केस तपासले तर त्यात कुत्र्याचे सापडतात. कुत्रा येतो उकिरड्यावर आणि त्याच्यामागे बिबट्या. म्हणून मला वाटतं, या जंगलाची निम्मी राखण भिंतीच्या बाहेर, आपल्या दारात होते. 2016 मध्ये उद्यानाभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील पट्टा अधिसूचित झाला, तो बांधकामांवर लक्ष ठेवील. ओल्या कचऱ्याच्या डब्यावर मात्र कुठली अधिसूचना झाकण ठेवणार?

आमच्या सोसायटीची मागची भिंत उद्यानाला लागून आहे. गेल्या हिवाळ्यात सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. पहाटे तो भिंतीवर क्षणभर बसला, शेपटी सावरली आणि पार्किंगमध्ये उतरला. दुसऱ्याच दिवशी बैठक झाली. "पिंजरा लावायला सांगा," असा सूर होता. मी जुन्नरचा अभ्यास सांगायला लागलो तेव्हा तळमजल्यावरच्या एक काकू म्हणाल्या, "भाऊ, माझा नातू पाच वर्षांचा आहे. त्याचं काय ते आधी बोला." त्यांचं बरोबर होतं, आणि मग बोलणं तिथूनच सुरू झालं. अंधार पडल्यावर लहान मुलं मागच्या अंगणात एकटी जाणार नाहीत. भिंतीलगतचं माजलेलं झुडूप काढायचं. कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांनी ते पुढच्या फाटकापाशी, दिवसाउजेडी घालायचं. सगळ्यात जास्त वाद झाला तो डब्यांवर. कचऱ्याची गाडी सकाळी येते, पण रात्रपाळीचा वॉचमन सुटल्यावर, म्हणून डबे रात्रीच बाहेर मांडले जायचे. आता ते काम दिवसपाळीकडे गेलं आहे आणि त्याचे जादा पैसे सोसायटी देते. काकूंनीच तो ठराव मांडला. मात्र पलीकडच्या दोन इमारतींचे डबे अजून रात्रभर उघडे असतात. येत्या रविवारी त्यांच्या सेक्रेटरींना आम्ही चहाला बोलावलं आहे.